थंडी कधी गेली, लिहून ठेवलंय का कुणी?

२०२५ चा फेब्रुवारी देशातला १९०१ पासूनचा सगळ्यात उबदार फेब्रुवारी ठरला. साताऱ्या-सांगलीत पळस पेटलाय, कोकीळ गळा साफ करतोय आणि आपण स्टोऱ्या टाकतोय. पण 'यंदा वसंत लवकर आला' असं म्हणायला आपल्या हातात पुरावा काय?

हुडी कपाटात नेमकी कधी गेली, आठवतंय का? गेल्या वर्षीचं सोडा, यंदाचंच सांगा. जानेवारीत सकाळच्या पहिल्या एसटीला हात खिशात घालून उभी राहणारी मंडळी आता अकरा वाजता पार्किंगमध्ये झाडाखालच्या जागेसाठी भांडतायत. कॅन्टीनच्या काउंटरवर चहापेक्षा लिंबू सरबताला गर्दी आहे. साताऱ्यात राजवाड्याजवळ काय किंवा सांगलीत विश्रामबागला काय, रसवंतीचे घुंगरू वाजायला लागलेत. हॉस्टेलवरचा पंखा तर कधीच पाचवर गेलाय.

आणि होळीच्याही आधी! 'होळी जळाली, थंडी पळाली' असं आपण लहानपणापासून ऐकतो. २०२५ मध्ये होळी १३ मार्चला होती. घरातली म्हातारी माणसं महाशिवरात्रीचा हिशेब सांगतात, थंडी 'शिव शिव' म्हणत त्या दिवशी निघते म्हणे. २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला झाली. त्या वर्षी थंडीनं दोघींचीही वाट बघितली नाही, न सांगताच बॅग भरून गेली.

हे नुसतं आपल्याला वाटतंय असं नाही. हवामान विभागानं २०२५ च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी आकडे दिले. देशाचं त्या महिन्याचं सरासरी तापमान २२.०४ अंश सेल्सिअस होतं, म्हणजे नेहमीपेक्षा १.३४ अंशांनी जास्त. १९०१ पासून तोवर एवढा उबदार फेब्रुवारी झालेला नव्हता. दिवसाच्या कमाल तापमानाचा विक्रम मात्र तेव्हाही २०२३ च्या फेब्रुवारीच्या नावावर होता. म्हणजे तीन वर्षांत दोनदा फेब्रुवारीनं विक्रम मोडले. त्यातच २५-२६ फेब्रुवारीच्या सुमारास घाटाच्या पलीकडं कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला गेला. फेब्रुवारीत!

'१.३४ अंश म्हणजे काय एवढं?' असं कुणी म्हणालं तर त्याला ताप मोजायला सांगा. सेल्सिअसमधले १.३४ अंश म्हणजे फॅरेनहाइटमधले जवळपास अडीच. ९८.६ वर असलेलं अंग अडीच अंशांनी वाढलं की १०१ ताप होतो आणि आई कॉलेजला सोडत नाही. इथं तर अख्ख्या देशाची, अख्ख्या महिन्याची सरासरी तेवढी सरकलीय.

एवढं वाचल्यावर ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, 'संपलं सगळं, ग्लोबल वॉर्मिंग!' दुसरी म्हणते, 'दरवर्षी असंच असतं रे, पेपरवाले उगाच वाढवून सांगतात.' रात्री बारापर्यंत मेसेज चालतात. दोन्ही पार्ट्यांकडं मत आहे, नोंद कुणाकडंच नाही. आपल्या गावात, आपल्या शिवारात, आपल्या कॅम्पसवर ऋतू कसा सरकतोय हे आपण कुणीच लिहून ठेवत नाही. मला बोलायचंय ते त्या न लिहिलेल्या वहीबद्दल.

थंडी येते कुठून?

आधी थोडं समजून घेऊ. आपल्याकडची थंडी बरीचशी पाहुणी असते. पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ पाडून पुढं सरकले की उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली महाराष्ट्रापर्यंत पोचतात. त्यात आकाश निरभ्र असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री पटकन निवते आणि पहाटे पारा खाली जातो. याउलट वारे पूर्वेकडून, आग्नेयेकडून यायला लागले की सोबत बाष्प येतं, ढग येतात. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी, रात्रीची ऊब बाहेर जात नाही.

महाबळेश्वरचंच बघा. वेण्णा तलावाकाठी, लिंगमळ्याच्या सखल भागात दवबिंदू गोठले की फोटो सगळीकडं फिरतात. गंमत म्हणजे त्याच पहाटे उंचावरच्या वेधशाळेतला पारा बऱ्यापैकी वर असतो. थंड हवा जड असते, ती खोलगट जागी जाऊन बसते. म्हणजे एकाच गावात दोन हवामानं. मग देशाच्या सरासरीवरून तासगावचं काय झालं, म्हसवडचं काय झालं हे कसं कळणार? त्यासाठी तासगावात आणि म्हसवडमध्येच कुणीतरी बघायला हवं.

एका उबदार फेब्रुवारीनं हवामानबदल सिद्ध होत नाही, हेही स्वच्छ सांगायला हवं. एखादं वर्ष असं जातंच. पण २०२४ हे वर्ष भारतासाठी १९०१ पासूनचं सगळ्यात उष्ण ठरलं, आणि त्याच्या पाठोपाठ हा फेब्रुवारी आला. एक गडी लवकर बाद झाला तर आपण नशिबाला बोल लावतो. रांगेनं गडी बाद व्हायला लागले की मात्र खेळपट्टी बघायची असते.

मस्त वाटतंय, पण कुणाला?

खरं बोलू या. आपल्याला हे वातावरण आवडतंय. अंघोळीला गरम पाण्याची वाट बघायला नको, सकाळी उठायला त्रास नको, संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावर किंवा कृष्णेच्या घाटावर बसायला मस्त हवा. यात वाईट काही नाही. फक्त आपल्या वर्गात जरा मागं वळून बघा. कुणाच्या घरी तासगावला द्राक्षबाग आहे, कुणाचे काका भिलारला स्ट्रॉबेरी लावतात, कुणाचा शाळू माणमध्ये उभा आहे, कुणाची आई हळद काढायला जाते. त्यांच्या घरी फेब्रुवारी म्हणजे 'वेदर' नसतं. घरात पैसा यायचा काळ असतो तो. फी, क्लास, बहिणीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, सगळं या दोन-तीन महिन्यांवर टांगलेलं असतं.

द्राक्षापासून सुरू करू. तासगाव, मिरज, पलूस, खानापूर, कवठेमहांकाळ, जत हा सगळा पट्टा द्राक्षाचा. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी होते आणि चार-साडेचार महिन्यांनी माल येतो. द्राक्षाला थंडी हवी तशी नकोही असते. कडाक्याची पडली तर मण्यांची फुगवण थांबते आणि पांढऱ्या द्राक्षात मणी गुलाबी पडतात. बागायतदार त्याला 'पिंक बेरी' म्हणतात. पण थंडी एकदम सरून ऊन चढलं की मालात साखर भराभर भरते. दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानं निघणारे प्लॉट एकाच वेळी तयार होतात. सगळ्या गावाचा माल एकदम निघाला की दर कोण ठरवणार? व्यापारीच. घडांवर उन्हाचा चट्टा पडला तर तो माल वेगळा काढावा लागतो, ते नुकसान वेगळंच.

वरती महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरी. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा, नाभिला ही तिथल्या शेतातली रोजची नावं. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी याच डोंगरावर पिकते, २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. हे पीक थंडीचं आहे. रात्री गार असल्या की फळ सावकाश पिकतं, मोठं होतं, गोड लागतं. हवा तापली की फळ लहान राहतं, मऊ पडतं आणि पुण्या-मुंबईच्या बाजारात पोचेपर्यंत त्याचा जीव जातो. थंडी पंधरा दिवस आधी गेली म्हणजे हंगामातले चांगल्या फळाचे पंधरा दिवस गेले. क्रीम घालून खाणाऱ्याला ते कळत नाही, लावणाऱ्याला कळतं.

पूर्वेला गेलात तर माण, खटाव, आटपाडी, जत. पाऊस कमी, पाणी जपून. तिथला शाळू जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या जोरावर पोसतो. हुरड्याच्या पार्टीला तुम्ही गेला असाल, दाणा दुधाळ असताना भाजतात तो हुरडा. नेमका त्याच सुमारास, म्हणजे दाणा भरत असताना, हवा तापली की ओल लवकर उडते आणि कणीस हलकं राहतं. गव्हाचंही तसंच. दाणा भरायचे दिवस कमी झाले की तो बारीक, सुरकुतलेला राहतो. मार्च २०२२ आठवा. तो देशातला विक्रमी उष्ण मार्च होता. गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज सरकारला खाली आणावा लागला आणि १३ मे २०२२ रोजी निर्यात बंद झाली. युक्रेनमधल्या युद्धामुळं जगाला आपला गहू हवा असतानाच हे झालं.

पण थांबा, चित्र एकरंगी नाही. द्राक्ष लवकर वाळून बेदाणा व्हायला कोरडी, उबदार हवाच लागते. शेडमधल्या जाळ्यांवर माल पसरून बसलेला तासगावचा बेदाणावाला ढगांना घाबरतो, उन्हाला नाही. हळद शिजवून खळ्यावर वाळत घालणारा तर कडक ऊनच मागतो. उत्तर भारतात थंडी कमी झाली की खायच्या द्राक्षालाही गिऱ्हाईक वाढतं, हे कुठलाही बागायतदार सांगेल. म्हणजे एकाच उबदार आठवड्यात एका भावाचा प्लॉट नुकसानीत आणि दुसऱ्याचं शेड फायद्यात, असं एका घरातही होऊ शकतं.

आणि ज्यांच्याकडं ना प्लॉट ना शेड, त्यांचं काय? उसाच्या फडात भर दुपारी मोळ्या बांधून ट्रॉलीत टाकणाऱ्या बाईला फेब्रुवारीची ऊब कशी वाटत असेल? एप्रिलमध्ये करायची ती पहाटेची घाई तिला आताच करावी लागतेय. तिच्या नुकसानीची पट्टी कुठल्याच बाजारात निघत नाही.

पळस लवकर फुलला? खरंच?

आता आपल्या आवडीच्या विषयाकडं, फुलांकडं. सध्या पुणे-बेंगळुरू हायवेनं कराडकडं निघालात किंवा सागरेश्वरच्या डोंगराकडं गाडी वळवलीत तर पळस, पांगारा, काटेसावर सगळे लालभडक दिसतील. अंगावर पान नाही आणि झाड पेटल्यासारखं. दुपारी कुठंतरी तांबट पक्षी ठोके मारल्यासारखा 'टुक टुक' करत असतो. पहाटे कोकीळ. मग फोटो आणि खाली ओळ: 'यंदा वसंत लवकर.'

इथं मी जरा आडवा येणार. पंचांगाप्रमाणे आपला वसंत चैत्र-वैशाखात. माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर, पानगळीचे दिवस. पण पळस फाल्गुनातच फुलतो, शिमग्याचा केशरी रंग पूर्वी त्याच्याच फुलांपासून करायचे. काटेसावर तर त्याच्याही आधी फुलायला लागते. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी पळस फुलला यात नवल काहीच नाही, तो वेळेवरच आलाय. कदाचित आठवडाभर आधी आला असेल. कदाचित दोन दिवस उशिराही आला असेल. 'लवकर' म्हणायला कशाच्या तुलनेत लवकर, हे माहीत पाहिजे ना?

सगळी झाडं काही एकाच घड्याळावर चालत नाहीत. कुणी दिवसाची लांबी बघतं, कुणी रात्रीचा गारवा, कुणी मुळाशी ओल किती उरली ते. आंब्याला मोहोर यायला रात्रीचा गारवा लागतो. तो कमी पडला तर मोहोर मागंपुढं होतो, आणि आलेल्या मोहोरावर ऊन तापलं की गळ वाढते. म्हणून 'उबदार हिवाळा म्हणजे सगळं लवकर' हा सरळ हिशेब इथं लागत नाही. एक झाड पुढं सरकेल, एक जागच्या जागी राहील, एक मागं जाईल.

आणि खरी गोम इथंच आहे. झाडावर अवलंबून असणारे त्याच्याबरोबर सरकतीलच असं नाही. पळसमैना माहितेय? गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची, थव्यानं येणारी. काहीजण तिला भोरडी म्हणतात. ती मध्य आशियाकडून हिवाळ्यात येते, आपल्या शाळूवर ताव मारते, पळस-सावरीच्या फुलांतला रस पिते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत निघते. नावातच पळस आहे तिच्या. तिचं परतीचं गणित तिच्या पिल्लांच्या वेळेशी जुळलेलं, पळसाचं गणित आपल्या मातीशी. दोघांची तारीख चुकायला लागली तर? महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' झालं. त्या डोंगरात जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर मधपेट्या भरतात. फुलं आठवडाभर आधी येऊन गेली आणि वसाहत अजून वाढलेली नसली, तर मधपाळाचा हंगाम हुकला. आठवडा! आपण ज्याला 'थोडं मागंपुढं' म्हणतो तेवढाच.

हा आठवडा डोळ्यांना दिसत नाही. आठवणीवर तर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. 'आमच्या वेळी थंडी काय असायची!' हे प्रत्येक पिढीनं पुढच्या पिढीला सांगितलेलं वाक्य आहे. ते खरंही असेल, पण ते वाक्य आहे, मोजमाप नव्हे.

पाऱ्याची वही आहे, झाडाची नाही

१९०१ पासूनचा सगळ्यात उबदार फेब्रुवारी, असं हवामान विभाग छातीठोकपणे का सांगू शकतो? कारण कुणीतरी रोज ठरलेल्या वेळी थर्मामीटर बघून आकडा लिहिला. इंग्रज होते तेव्हाही, दुष्काळात, महायुद्धात, सुट्टीच्या दिवशीही. १८७५ मध्ये सुरू झालेल्या या खात्याला जानेवारी २०२५ मध्ये १५० वर्षं झाली. सातारा, सांगली, महाबळेश्वर इथले रोजचे आकडे पेपरात छापून येतात. एका दिवसाचा आकडा म्हणजे फक्त एक ओळ. लाखो ओळी जमल्या की त्यातून गोष्ट दिसते.

झाडांच्या बाबतीत आपल्याकडं अशी वही नाही. जपानमध्ये आहे. क्योटो शहरात चेरीचा बहर कधी आला याच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. त्या कुणी केल्या? दरबारातल्या मंडळींनी, भिक्षूंनी. फुलं बघायला गेलो, मेजवानी झाली, अमुक दिवस होता, असं रोजनिशीत लिहून ठेवलं, बस्स. आज त्याच नोंदी जोडून शास्त्रज्ञ सांगतात की २०२१ मध्ये क्योटोतली चेरी २६ मार्चला पूर्ण बहरली, बाराशे वर्षांतली ही तोवरची सगळ्यात लवकरची तारीख. फुलं बघायला गेलेल्या हौशी लोकांनी शास्त्राला दिलेली ही देणगी आहे. आपणही फुलं बघायला जातो, मेजवानी करतो. फक्त आपली रोजनिशी चोवीस तासांत गायब होते. तिला आपण 'स्टोरी' म्हणतो.

मराठीत बघायची परंपरा नाही असंही नाही. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ साली आलं. बारा महिन्यांत झाडं, पक्षी, आकाश कसं बदलतं यावर एकेक लेख. कॉलेजच्या लायब्ररीत नक्की असेल, बहुतेक धूळ खात. काढून वाचा. मग लक्षात येईल की एकाच गल्लीतल्या झाडांकडं वर्षभर बघता येतं आणि त्यासाठी कुठल्या ट्रेकला जावं लागत नाही.

नोंद म्हणजे पुरावा

'फुलांच्या तारखा लिहून कुणाचं पोट भरणार?' हा प्रश्न येणार, आणि तो यायलाच हवा. म्हणून द्राक्षाच्या विम्याचं उदाहरण घ्या. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत बागेत येऊन कुणी नुकसान मोजत बसत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रात पाऊस किती नोंदला गेला, पारा कुठं गेला, यावर भरपाई ठरते. तिथं नोंद असेल तर पैसे मिळतात. तुमच्या शिवारात काहीही झालेलं असो, केंद्राच्या नोंदीत ते नसेल तर तुम्ही कितीही ओरडा. कागद बोलतो.

उद्या स्ट्रॉबेरीचा हंगाम कमी झाला म्हणून कुणी मदत मागायला गेलं, किंवा शाळूची पेरणी कधी करावी याचा नवा सल्ला विद्यापीठाकडून हवा असला, तर पहिला प्रश्न येईल, 'किती दिवसांनी सरकलंय? कधीपासून?' त्यावर 'साहेब, लय वर्षं झाली' हे उत्तर चालत नाही.

गंमत अशी की अर्ध्या नोंदी घरातच पडल्यात. द्राक्षबागायतदाराच्या घरी वही असतेच. छाटणीची तारीख, फवारणी, माल कधी निघाला, किती पेट्या. मार्केटच्या पट्ट्या फायलीत किंवा पत्र्याच्या पेटीत असतात, त्यावर तारीख आणि दर छापलेला. ऊस कधी तुटला याची पावती असते. दहा-पंधरा वर्षांच्या या कागदांमधून तुमच्या घराचा हंगाम किती सरकला हे दिसू शकतं. पप्पांना मोबाइलवर एक्सेल जमत नसेल, तुम्हाला जमतं. ती वही त्यांच्याबरोबर बसून उतरवून काढणं हे कुठल्याही रीलपेक्षा भारी काम आहे, आणि त्या निमित्तानं पप्पांशी दोन तास बोलणंही होईल.

मग करायचं काय?

पदवीला पर्यावरणाचा विषय सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये हा विषय शिकवायला सांगितला, पुढं विद्यापीठ अनुदान आयोगानं अभ्यासक्रम दिला. त्यातल्या प्रकल्पाचं काय होतं हे तुम्हाला माहितेय आणि मलाही माहितेय. 'जलप्रदूषण: कारणे व उपाय.' गेल्या वर्षीच्या सीनियरची फाइल, झेरॉक्सच्या दुकानात पहिलं पान बदलून, स्पायरल बाइंडिंग करून. मास्तरांना माहीत, पोरांना माहीत, दुकानदाराला तर सगळ्यात आधी माहीत. हजारो विद्यार्थी, हजारो फायली आणि कुणाच्याही गावाबद्दल एक नवी ओळ नाही.

त्याऐवजी एक सोपा प्रकल्प मागून घ्या. शब्द मुद्दाम वापरतोय, मागून घ्या. सर-मॅडम आपणहून देतील याची वाट बघू नका.

एक झाड निवडा. कॅम्पसमधलं, घरासमोरचं, एसटी स्टँडजवळचं, कुठलंही. आंबा, पळस, कडुनिंब, करंज, बहावा चालेल. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाच मिनिटं त्याच्यासमोर उभं राहा. कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकापुढं 'नाही', 'थोडं' किंवा 'भरपूर' लिहा. झालं. 'सीझनवॉच' नावाचा देशव्यापी उपक्रम नेमकं हेच करतो, त्यावर झाड नोंदवलं तर तुमची ओळ देशाच्या वहीत जाते. केरळमधल्या शाळेतली पोरं यात आपल्या कितीतरी पुढं आहेत. सातवी-आठवीतली पोरं!

पक्ष्यांची आवड असेल तर दर फेब्रुवारीच्या मध्याला कॅम्पसवरचे पक्षी मोजण्याचा उपक्रम देशभर होतो. त्यासाठी चार जणांचा ग्रुप आतापासून करा.

फोनची गॅलरी उघडा. प्रत्येक फोटोवर तारीख असते, बऱ्याचदा ठिकाणही. वर्गातल्या साठ जणांनी गेल्या चार-पाच वर्षांतले पळसाचे, मोहोराचे, सावरीचे फोटो शोधून एका ठिकाणी तारखेसह टाकले तर एका दुपारीत तुमच्या तालुक्याची छोटी वही तयार होते. अर्धवट असेल, चुकाही असतील. पण शून्यापेक्षा बरी.

आणि कॉलेजकडून एकच गोष्ट मागा. ही वही बॅचबरोबर संपू नये. तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी ती पहिल्या वर्षाच्या हातात द्यायची, गॅदरिंगच्या करंडकासारखी. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं. तिथं पहिल्या बॅचपासून कुणी आवारातल्या एकाच आंब्याच्या मोहोराची तारीख लिहिली असती तर आज शंभरहून जास्त ओळी झाल्या असत्या. कुठल्याही कॉलेजात नवीन वही सुरू करायला मात्र आजचा दिवस चालतो.

वेळ नाही, परीक्षा तोंडावर आहे, हे मान्य. पण आठवड्याला पाच मिनिटं म्हणजे एका रीलमधून दुसऱ्या रीलमध्ये घसरत जाण्याइतका वेळ. आणि यातून यंदाच्या द्राक्षाला दर मिळणार नाही, हेही मान्य. पहिल्या वर्षीची नोंद जवळपास निरुपयोगीच असते, तिला अर्थ यायला दहा-वीस वर्षं लागतात. वीस वर्षांनी तुम्ही चाळिशीत असाल. कुणी बाग बघत असेल, कुणी बँकेत शेतकऱ्यांची कर्जं तपासत असेल, कुणी तहसील कचेरीत बसलेला असेल. तेव्हाही ग्रुपवर कुणीतरी म्हणेल, 'दरवर्षी असंच असतं रे.' त्याला द्यायला तुमच्याकडं त्या दिवशी तारखा असतील की पुन्हा नुसतं मत?

या रविवारी झाड ठरवा. त्याच्यासमोर जा आणि पहिली ओळ लिहा: तारीख, गाव, झाडाचं नाव, फुलं किती. पुढच्या रविवारी दुसरी.